फुसका बार

दिवाळींत आपल्या नेवाशांत प्रवरेच्या कांठापासून बाजारपेठेपर्यंत फटाक्यांचा कडकडाट चालतो. त्यांत एखाद्या फटाक्याची वात जळते, फुस्स असा आवाज होतो, आणि बार कांहीं उडत नाहीं. मुलें हंसतात, व एखादा धीट मुलगा वांकून पाहूं लागतो. तोंच ओसरीवरून आजी ओरडते, "अरे, लांब हो आधीं!" फुसका बार हा थट्टेचा विषय नव्हे, हें आजीला ठाऊक असतें. बंदुकीच्या बाबतींत तर हें शतपटीनें खरें आहे, आणि तेंच आम्ही आज सांगणार आहों.

बंदुकीचा विषय शाळेच्या अंकांत कशाला, असें कोणी पालक विचारतील. परंतु कित्येक विद्यार्थी १९४८ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेंत जातात व तेथें रायफल हातीं घेतात. कांहीं शेतकऱ्यांच्या घरीं पीकरक्षणासाठीं परवान्याची बंदूक असते. शिवाय कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. तसें यश आपणही मिळवावें, असें कोणाला वाटणार नाहीं? म्हणून या शस्त्राचा सर्वांत फसवा दोष ओळखून ठेवणें बरें.

काडतुसाचे चार भाग असतात: पितळेचें कवच, त्याच्या बुडाशीं असलेली स्फोटक टोपी, आंतील दारू, आणि तोंडाशीं घट्ट बसविलेली गोळी. चाप ओढला कीं टोपीवर आघात होतो, तिची ठिणगी दारूस लागते, दारूचा वायु होतो, व तो गोळीला नळींतून बाहेर फेकतो. परंतु कवचांत दारूच नसेल किंवा फार थोडी असेल, तर एकट्या टोपीच्या जोरानें गोळी कवचांतून सुटते आणि थोडें अंतर जाऊन नळींतच अडकते. आवाज बारीक होतो, हाताला नेहमींचा धक्का बसत नाहीं, लक्ष्यावर छिद्र दिसत नाहीं. नेम चुकला असें समजून घाईनें दुसरा बार काढला, तर दुसरी गोळी पहिलीवर आदळते, वायूस वाट राहत नाहीं, आणि नळी फुगते किंवा फुटते. मग हात, डोळे, किंबहुना शेजाऱ्याचा जीवही धोक्यांत येतो.

ठासणीच्या बंदुकीच्या काळींही असाच घात होत असे. १८६३ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्धांत गेटिसबर्ग येथें मोठी लढाई झाली. रणांगणावर गोळा केलेल्या सुमारें २७,५०० बंदुकांपैकीं सुमारें २४,००० भरलेल्याच होत्या, व त्यांतील निम्म्यांत दोन दोन बार ठासलेले होते, असें नमूद आहे. एकींत तर २३ बार निघाले. आपला बार उडालाच नाहीं, हें त्या गोंगाटांत कित्येक शिपायांस कळलें नसावें.

अलीकडील उदाहरण याहून हृदयद्रावक आहे. ३१ मार्च १९९३ रोजीं अमेरिकेंत एका चित्रपटाचें चित्रण चाललें असतां ब्रँडन ली हा २८ वर्षांचा नट रिव्हॉल्व्हरच्या बारानें मरण पावला. आधींच्या एका दृश्यासाठीं काडतुसांतील दारू काढून टाकली होती, पण टोपी जिवंत राहिली होती. तिच्या जोरानें एक गोळी नळींत जाऊन अडकली, आणि ती कोणीं पाहिली नाहीं. पुढें केवळ आवाजाचें, बिनगोळीचें काडतूस उडविलें, तेव्हां त्याच्या वायूनें ती अडकलेली गोळी बाहेर फेकली. नळींतून एकदां पाहिलें असतें, तर एक तरुण वांचला असता.

कित्येक देशांत नेमबाज वापरलेलीं कवचें घरीं पुन्हा भरतात. आधुनिक दारू इतकी थोडी लागते कीं रिकामें कवच आणि चुकून दोनदां भरलेलें कवच, गोळी बसविल्यावर, बाहेरून सारखींच दिसतात. म्हणून जाणते लोक मेजावर एकाच जातीची दारू ठेवतात, ती तोलून घेतात, गोळी बसविण्यापूर्वीं प्रत्येक कवचांत उजेडांत डोकावून पाहतात, आणि मध्येंच कोणीं हांक मारली तर तें कवच रितें करून पुन्हा आरंभ करतात. आपल्या देशांत मात्र परवान्यावांचून काडतुसें बनविणें हा १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें गुन्हा आहे. तेव्हां हा उद्योग कोणीं घरीं करूं नये.

आतां, फुसका बार निघाला तर काय करावें? प्रथम थांबावें. चापावरून बोट काढावें. नळी लक्ष्याच्याच दिशेस ठेवावी, कारण दारू कधीं कधीं उशिरानें पेटते. निदान अर्धा मिनिट तसेंच स्थिर राहावें. मोकळा हात वर करून शिक्षकांस बोलवावें. पुढचें काम त्यांचें: ते शस्त्र रितें करतील, नळी तपासतील, व अडकलेली गोळी पितळी गजानें हलकेच ठोकून काढण्याचें काम कुशल कारागिराकडे सोंपवतील. नळींत स्वतः डोळा लावूं नये, आणि दुसऱ्या गोळीनें पहिली बाहेर ढकलण्याचा विचार तर मनांतही आणूं नये.

थांबल्यानें आपण मागें पडूं, ही भीति व्यर्थ आहे. नळींत गोळी अडकणें हा आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत शस्त्राचा दोष मानला आहे, खेळाडूचा नव्हे. हात वर करणाऱ्यास राहिलेले बार पुरे करण्याची किंवा ते पुन्हा झाडण्याची मुभा मिळते. नियम करणाऱ्यांनींही थांबणाऱ्याचा असा मान राखला आहे. मोठा आवाज झाला कीं सारेच सावध होतात. बारीक आवाजास जो सावध होतो, तोच खरा नेमबाज. पालकांनीं ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी, आणि येत्या दिवाळींत आजीची हांक सर्वांनीं ऐकावी.