बोटीला टॅकोमीटर बसवावा का?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कागल भागात बोटीचा विषय निघतोच. नदीकाठच्या एका पालकांनी छोटी मोटरबोट घेतली. विचारलं, "गुरुजी, टॅकोमीटर बसवू का?" प्रश्न थेट पाचवीच्या गणितात आला.

टॅकोमीटर म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा काटा. ट्रॅक्टरवर असतोच की! समजा, इंजिनाच्या पुस्तिकेत फुल थ्रॉटलला ५००० ते ६००० फेरे दिलेत, पण नेहमीची माणसं बसल्यावर काटा ४७०० लाच थांबतो. म्हणजे इंजिन दमतंय. वजन तरी जास्त, नाहीतर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे जायला हवा ते अंतर). पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. मग ३०० ची तूट? मुलं म्हणाली, दीड ते दोन इंच. हा फरक कानाला कळत नाही.

पण काटा बोटीचा वेग सांगत नाही. पुरात धारेविरुद्ध बोट जागच्या जागी असली तरी तो ५००० दाखवेल. किती माणसं बसवायची तेही सांगत नाही. २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून मी म्हटलं, आधी सगळ्यांना पुरतील एवढी लाईफ जॅकेटं घ्या, मग टॅकोमीटर. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा मिळतो. फक्त एका फेऱ्याला किती ठिणग्या पडतात ते नीट सेट करा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसेल.