डोळ्यातले भिंग

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आजोबा येत. पाटी हात लांब करून धरीत. तरी अक्षर लागत नसे. एके दिवशी पाटी खाली ठेवून म्हणाले, "गुरुजी, आता आपल्याच्यानं शिकणं होत नाही. डोकं चालत नाही."

आम्ही विचारले, "पलीकडच्या बांधावरचं जनावर कुणाचं, ते ओळखता का?"

"शिंगांवरून सांगतो की!"

म्हणजे दोष डोक्याचा नव्हता. तो डोळ्यातल्या भिंगाचा होता.

हे भिंग असते कसे? डोळ्याच्या मध्यभागी काळी बाहुली दिसते. ते एक भोक आहे. त्यातून उजेड आत जातो. भोकाच्या मागेच भिंग असते. ते मधे फुगीर, कडेला पातळ, अख्ख्या मसुरासारखे असते. इंग्रजीत भिंगाला 'लेन्स' म्हणतात. लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ मसूर असाच आहे. भिंगाची रुंदी सुमारे १ सेंटिमीटर असते. त्यात रक्ताची एकही शीर नसते. म्हणून उजेड आरपार जातो.

डोळ्याच्या आत मागे एक पडदा असतो. उजेडाचे किरण त्यावर नीट जुळले की वस्तू स्पष्ट दिसते. भिंगाभोवती स्नायूचे कडे असते. जवळ पाहताना ते आवळते, आणि भिंग फुगते. दूर पाहताना कडे सैल होते, आणि भिंग चपटे होते.

करून पाहा. डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर बोट धरा. बोटाकडे पाहिले की भिंत अंधुक होते. भिंतीकडे पाहिले की बोट अंधुक होते.

वय वाढते तसे भिंग कडक होते. चाळिशीनंतर ते पुरेसे फुगत नाही. म्हणून जवळचे अक्षर दिसत नाही. चष्म्याची काच ही उणीव भरून काढते. म्हणून तर त्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो!

भिंगच गढूळ झाले, तर तो मोतीबिंदू. तो कोणत्याही थेंबांनी वा अंजनाने जात नाही. डॉक्टर शस्त्रक्रिया करून गढूळ भिंग काढतात व कृत्रिम भिंग बसवतात. असे भिंग पहिल्यांदा १९४९ साली लंडनमध्ये डॉक्टर हॅरॉल्ड रिडले यांनी बसवले.

आजोबांनी डोळे तपासून घेतले. चाळिशी लावून वर्गात आले. पाटीवर आम्ही त्यांचे नाव लिहिले. त्यांनी ते वाचले. मग पुन्हा एकदा, मोठ्याने वाचले.

अक्षर लागत नसेल, तर डोक्याला बोल लावू नका. आधी डोळे तपासून घ्या.