फोन बदलला, खाते अडले

२०२४ सालच्या आषाढातली गोष्ट. आमच्या शेजारची पोर तालुक्याच्या कॉलेजात बारावीला होती. त्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. रानात मोटार चालू करायला गेली नि तिचा फोन हौदात पडला. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, पण फोन काही जागा झाला नाही.

बापाने बाजारच्या दिवशी कुणाचा तरी वापरलेला फोन विकत आणला. जुने सिम त्यात घातले. घंटी वाजली, आत्याशी बोलणेही झाले. मात्र कॉलेजचे खाते उघडेना.

खाते म्हणजे काय, ते आधी सांगतो. पूर्वी मुलांच्या वह्या मास्तरांच्या कपाटात असत. आता कॉलेज त्या संगणकावर ठेवते. धडे, गृहपाठ, गुण, सारे त्यात. मुलाला एक नाव मिळते आणि एक गुप्त शब्द असतो. त्या शब्दाला पासवर्ड म्हणतात. पोरीला पासवर्ड पाठ होता. तो तिने घातला. पण खात्याने पुढे सहा आकडे मागितले. ते आकडे दाखवणारे ॲप जुन्या फोनात, आणि जुना फोन मेलेला. शनिवारपर्यंत वीस गुणांचा प्रकल्प पाठवायचा होता. तो दिवस गुरुवार.

तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, शिम तर त्येच हाय. नंबर बी त्योच. मग गाडं कशानं अडलं वो?"

प्रश्न अगदी नेमका होता. मलासुद्धा याचे उत्तर नातवाने शिकवले, म्हणून ठाऊक.

हे आकडे दोन तऱ्हांनी मिळतात. एक तऱ्हा संदेशाची. संदेश नंबरावर येतो. सिम ज्या फोनात, त्या फोनात तो येणार. तिथे फोन बदलला तरी अडत नाही.

दुसरी तऱ्हा ॲपची. ॲप जोडताना पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन दिसतो. फोन तो टिपून घेतो. त्या चौकोनात एक लांबलचक गुप्त खूण असते. ती खूण एकीकडे खात्याजवळ राहते, दुसरीकडे फोनच्या पोटात राहते. सिममध्ये ती नसतेच. मग दोघेही आपापले घड्याळ पाहतात आणि त्या खुणेवरून एकच हिशेब करतात. उत्तर सहा आकडी येते. दर ३० सेकंदांनी ते बदलते. खूण एक, वेळ एक, म्हणून दोघांचे उत्तर एक. रेंज नसली तरी हा हिशेब चालतो. फोनचे घड्याळ चुकलेले असेल, तर मात्र आकडे जुळत नाहीत.

आता नवा फोन म्हणजे तिसराच माणूस. त्याला ती खूण कोणी सांगितलीच नाही. तो आकडे कुठून देणार?

आई म्हणाली, "फोनच्या दुकानातला पोरगा म्हणतो, पासवर्ड सांगा, दोनशे रुपये द्या, उघडून देतो." मी म्हटले, "बाई, दोनशे गेले तर गेले. पण पोरीच्या खात्याची किल्ली परक्याच्या हाती का देता?" पासवर्ड कॉलेजच्या माणसालाही सांगायचा नसतो. खरा माणूस तो मागतही नाही.

मग मी पोरीला बोलावले. तिचे खाते गुगलचे होते. गुगलच्या खात्यात अडीनडीसाठी १० राखीव संख्या घेता येतात. प्रत्येक संख्या आठ आकडी. एक संख्या एकदाच चालते. "त्या घेतल्या होत्यास का?" मी विचारले.

"घेतल्या होत्या, आजोबा. फोटो काढून ठेवलाय."

"कुठे?"

"त्याच फोनात."

यावर काय बोलावे! किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावले होते.

तरी एक वाट होती. खाते आपण स्वतः काढलेले असते, तर गुगलकडेच खटपट करावी लागली असती. पण हे खाते कॉलेजने काढून दिलेले. त्याच्या पत्त्याच्या शेवटी कॉलेजचे नाव होते. अशा खात्यांचा कारभारी कॉलेजातच असतो. विद्यार्थ्याला नव्या राखीव संख्या देणे त्याच्या हातात असते. आम्ही अर्ज लिहिला:

"मा. प्राचार्य यांस, सप्रेम नमस्कार. माझा फोन पाण्यात पडून बंद झाला आहे. त्यामुळे कॉलेजच्या खात्यासाठी लागणारे सहा आकडे मला मिळत नाहीत. पासवर्ड मला आठवतो. तरी माझी ओळख पटवून मला राखीव संख्या द्यावी, ही विनंती. प्रकल्प शनिवारी पाठवायचा आहे."

खाली नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, खात्याचा पत्ता, तारीख, सही. पासवर्ड लिहिला नाही. सोबत ओळखपत्र दिले.

शुक्रवारी मायलेकी पहिल्या एसटीने गेल्या. तिथले साहेब म्हणाले, "सोमवारी या." आई जागची हलली नाही. "साहेब, शनवार सोमवारच्या आधी येतो," म्हणाली. साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. ओळखपत्रावरचा फोटो आणि पोरीचा चेहरा ताडून पाहिला. तो त्यांनी पाहिलाच पाहिजे, नाहीतर कोणीही कोणाचे खाते मागेल. मग राखीव संख्या दिल्या. त्यातली एक घातली नि खाते उघडले.

पोरीने तिथेच बसून नव्या फोनात ॲप जोडले. जुन्या फोनचे नाव खात्यातून काढले. पुन्हा १० नव्या संख्या घेतल्या. नव्या घेतल्या की आधीच्या रद्द होतात. तुमचा जुना फोन चालू असेल, तर तो विकण्याआधीच ॲपमधली खूण नव्या फोनात न्या. दोन्ही फोन शेजारी ठेवून चौकोन टिपला की काम होते. नव्या फोनातून खाते एकदा उघडून पाहा. मगच जुना फोन पुसा.

प्रकल्प शुक्रवारी रात्री गेला. पावसात रेंज जात होती, म्हणून पोर मारुतीच्या पारावर छत्री धरून बसली होती.

त्या दहा संख्या आईने स्वतः कागदावर उतरवल्या. पडद्यावरचे आकडे इंग्रजी वळणाचे. ते तिने आमच्या वर्गात शिकले आहेत, पण एक आणि सात यांत अजून तिची गल्लत होते. पोर वाचत गेली, आई बोट ठेवून ताडत गेली. तिसऱ्या ओळीत एक आकडा चुकला होता. तो खोडून तिने वर नीट लिहिला. आता तो कागद ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.