खुर्ची हलवण्याआधी थांबवायला शिका

घरी सिम्युलेटरवर विमान उडवणाऱ्याला कधी ना कधी वाटतंच, की पडद्यावरचं विमान कलतं तशी आपली खुर्चीही कलायला हवी. मलाही वाटलं आणि मी तशी खुर्ची बांधली. ती दोन प्रकारे हलते : पुढे-मागे झुकते आणि डावी-उजवीकडे कलते. चौकोनी पाइपची चौकट भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून वेल्ड करून घेतली. सीट जुन्या गाडीची, मोटरी वर्म गिअरच्या आणि त्यांना हुकूम देणारा आर्डुइनो बोर्ड. खुर्ची आजही चालते, आणि तिच्यावर बसून विमान उतरवण्यात फार मोठा आनंद आहे. पण या उद्योगाला लागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो : ती थांबणार कशी, हे ठरवलंत का?

का विचारतो, ते सांगतो. चाचणीच्या काळात मी खुर्चीवर माणूस बसू देत नव्हतो. पट्ट्यांनी बांधलेल्या वाळूच्या गोण्या ठेवत होतो. एका संध्याकाळी एक्स-प्लेन या सिम्युलेटरमधलं सेस्ना १७२ धावपट्टीवर नुसतं उभं होतं. खुर्ची स्थिर होती. अचानक उजवी मोटर पूर्ण ताकदीनिशी एका टोकाला गेली. चौकट जमिनीवरून उचलली गेली, वरची गोणी पट्ट्यांतून निसटून कपाटावर आदळली आणि फाटली. हे सगळं घडायला सेकंदसुद्धा लागला नसेल.

कारण शोधायला बराच वेळ गेला. मोटरीचा दांडा किती फिरला, हे बोर्डाला एक पोटेन्शिओमीटर सांगतो. त्याच्या तीन तारांपैकी एक तुटली होती, पण वरून काहीच दिसत नव्हतं. तारेवरची स्लीव्ह कापली तेव्हा कळलं. सोल्डर जिथे संपतं तिथवर तार कडक असते आणि पुढे लवचीक. नेमक्या त्या जागी, कंपनांनी, एकेक तंतू तुटत गेला होता. तार सुटल्यावर बोर्डाला वाटलं, दांडा जागेवर नाही. त्याने मोटरीला जोर लावायला सांगितलं. दांडा हलला, पण बोर्डाला मिळणारा आकडा बदलेना, म्हणून त्याने जोर सोडला नाही. प्रोग्राम बरोबर होता आणि मोटरही ठणठणीत होती.

म्हणून पहिली सूचना : प्रत्येक तार कधीतरी तुटणार, असं धरूनच जोडणी करा. सिग्नलच्या तारेवर एक रेझिस्टर असा जोडा, की तार सुटली तर आकडा थेट शून्याला जाईल. दांडा प्रत्यक्षात जिथवर फिरतो त्या मर्यादेबाहेरचा आकडा आला, तर मोटर बंद व्हावी, असं प्रोग्राममध्ये लिहा. पण प्रोग्रामवर विसंबू नका. दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावा आणि ते मोटरीचा पुरवठा थेट तोडतील असे जोडा. त्याच्याही पुढे जाड रबराचे अडथळे बसवा. हलणाऱ्या तारांना सोल्डरपेक्षा क्रिम्प केलेली टोकं बरी, आणि जोडापासून चार बोटांवर तार चौकटीला बांधून टाका, म्हणजे ताण जोडावर येत नाही.

दुसरी सूचना लाल बटणाची. मोठं, तळहाताने दाबता येईल असं बटण बसलेल्याच्या हाताशी हवं आणि दुसरं बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे. एरवी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा संपर्क निवडा, म्हणजे बटणाची तारच तुटली तरी खुर्ची थांबेल. बटणाने मोटरींची वीज जायला हवी; कॉम्प्युटरला ‘थांब’ असा निरोप पाठवणारं बटण उपयोगाचं नाही.

तिसरी गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची, ती म्हणजे वीज जाणं. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू असतो आणि मोटरी थेट घरच्या विजेवर. वीज जाते, खुर्ची थांबते, पडद्यावरचं विमान मात्र उडतच राहतं. वीज परत येते तेव्हा खुर्ची एका झटक्यात विमानाच्या नव्या स्थितीकडे धावते, आणि तोवर बसलेला माणूस अर्धवट उठलेला असतो. यावर उपाय शेतातल्या मोटरीच्या साध्या स्टार्टरसारखा : वीज आली तरी कोणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होता कामा नये. एक साधा कॉन्टॅक्टर हे काम करतो. मोटरींच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, आणि चौकटीला अर्थिंग हवंच.

वर्म गिअरच्या बहुतेक मोटरी वीज गेल्यावर जागच्या जागी अडतात. बॉल स्क्रू मात्र अडत नाही. वरच्या वजनाने तो उलटा फिरतो आणि खुर्ची खाली येते. त्यामुळे बॉल स्क्रू वापरणार असाल तर ब्रेक असलेलीच सर्व्हो मोटर घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

आता वजनाचं. माणूस, सीट, पेडल, पडदा मिळून १२० किलो धरा. हा भार मधल्या सांध्यावर तोललेला असेल तर मोटरींना काम थोडं. पण वजनाचा मध्य दहा सेंटिमीटर पुढे सरकला आणि मोटरींचे दांडे सांध्यापासून ४० सेंटिमीटरवर असले, तर नुसतं स्थिर राहायलाच त्यांना ३० किलोचा भार सतत पेलावा लागतो. मोटर तापते, तिला वीज देणारा ड्रायव्हर बोर्ड जळतो आणि दोष मोटरीवर येतो. म्हणून मोटर जोडण्यापूर्वी खुर्चीवर बसा आणि कोणालातरी ती हाताने हलवायला सांगा. एका हाताने हलली पाहिजे. नाही हलली तर सीट पुढे-मागे सरकवा, स्प्रिंग लावा.

मग प्रश्न येतो, खुर्ची किती हलायला हवी? फार थोडी. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये आपल्या वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून जो ट्रेनर बांधला, तो जागच्या जागी झुकत आणि फिरत असे. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक तशा ट्रेनरमध्ये शिकले. एवढ्याने भागतं, कारण आपल्या आतल्या कानाला हालचालीतला बदल कळतो, एकसारखी चालू राहिलेली गती कळत नाही. विमान ३० अंश कलून नीट वळत असतं तेव्हा वैमानिकाचं वजन सरळ सीटमध्येच दाबलं जातं. खुर्ची ३० अंश कलवून ठेवली तर शरीर एका बाजूला घसरतं आणि ते खोटं वाटतं. वळण सुरू होताना एक छोटा, वेळेवरचा कल द्यायचा आणि मग खुर्ची कळणार नाही इतकी सावकाश मध्यावर आणायची. उड्डाणाच्या धावेत पाठीला जाणवणारा ०.२ जीचा दाब हवा असेल तर खुर्ची १२ अंश मागे झुकवली की पुरे. मात्र सेकंदाला तीन अंशांपेक्षा हळू, नाहीतर कानाला झुकणं कळतं. फ्लायपीटी मूव्हर किंवा सिमटूल्स या सॉफ्टवेअरमध्ये अशी हालचाल घडवणारे फिल्टर लावता येतात. त्यांवर जितका वेळ द्याल तितकं उड्डाण खरं होईल. हालचाल चित्राच्या मागे राहिली तर मळमळ ठरलेली. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट असेल तर खुर्चीची हालचाल चित्रातून वजा करणारं सॉफ्टवेअरही लागतं.

थोड्या हालचालीचा हिशेब सुरक्षेच्याही बाजूने जातो. झोका लहान तर मोटर लहान, मोटर लहान तर बिघाडाच्या वेळी लागणारा मारही लहान. नवशिक्याने दोन दिशांवर आणि दहा-बारा अंशांवर समाधान मानावं. १९६५ मध्ये स्ट्युअर्ट यांच्या निबंधाने प्रसिद्ध झालेली सहा पायांची रचना पुढच्या टप्प्यासाठी ठेवावी.

चाचणीचा क्रम मोडू नका. आधी रिकामी खुर्ची, मग वाळूच्या गोण्या, मग कमी ताकदीवर माणूस, आणि बटणावर दुसऱ्याचा हात. गोण्या असतानाच चालू खुर्चीची एकेक तार मुद्दाम काढून पाहा, लाल बटण दाबून पाहा, मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. प्रत्येक वेळी खुर्ची शांतपणे थांबली तरच तिच्यावर बसा. चौकटीभोवती हातभर जागा मोकळी ठेवा आणि घरात लहान मूल असेल तर खोलीला कडी लावा. बाकी सगळं पुढे सुधारता येतं. फिल्टर बदलता येतात, मोटर बदलता येते, सीट बदलता येते. थांबण्याची व्यवस्था मात्र पहिल्या उड्डाणाआधीच पुरी हवी, कारण तिची गरज कोणत्या उड्डाणात लागेल ते कोणालाच आधी कळत नाही.