संमार्जन : उत्सवानंतरची सेवा



श्रीगुरुचरित्राच्या नवव्या अध्यायातील रजकाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. कुरवपुरी श्रीपाद श्रीवल्लभ नित्य कृष्णास्नानाला येत. एक परीट त्यांना रोज साष्टांग नमस्कार घाली. पुढे नदीवर राजाचा थाट पाहून त्याच्या मनात वासना उठली आणि श्रीपादांनी त्याला पुढच्या जन्मी राज्य दिले. पारायण करताना आपले सगळे लक्ष या वराकडे असते. मधली एक गोष्ट मात्र नजरेतून निसटते. तो रजक नुसता नमस्कार करून थांबला नव्हता. तो श्रीगुरूंचे अंगण रोज झाडून काढी आणि पाणी शिंपडी. ग्रंथात त्याची सेवा म्हणून जी सांगितली ती ही.

भागवताच्या एकादश स्कंधात, अकराव्या अध्यायात, भगवंत उद्धवाला भक्तीची लक्षणे सांगतात. त्यातही देवाचे घर झाडणे, सारवणे, सडा घालणे, रांगोळी काढणे ही कामे स्पष्ट सांगितली आहेत आणि ती दासासारखी, कपट न ठेवता करावीत असे म्हटले आहे. म्हणजे संमार्जन ही पूजेआधीची किरकोळ तयारी आहे असे समजू नये. ती स्वतःच सेवा आहे.

मी ३६ वर्षे बँकेत क्लार्क होतो, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर गेली. काउंटरची खिडकी बंद झाली म्हणजे आमचा दिवस संपत नसे. कॅश टॅली व्हायची, तिजोरीत जायची, मग घरी. उत्सवाचेही मला तसेच वाटते. जन्मकाळ झाला, पाळणा म्हटला, पालखी झाली, प्रसाद घेतला, की आपण गाडी गाठतो. खिडकी बंद! पण घाटावर जे पडून राहिले त्याचा हिशोब कोणी लावायचा?

निवृत्तीनंतर आमच्या ओळखीचे पंधरा-वीस जण दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेला, पहाटे नृसिंहवाडीच्या घाटावर जमू लागलो. तेव्हा ज्येष्ठांपैकी एका अण्णांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, "अहो, सात दिवस सोवळ्यात पोथी वाचायची, पौर्णिमेला समाप्ती करायची आणि आठव्या दिवशी लोकांचं उष्टं उचलायचं? हे कसं काय बसतं?"

प्रश्न टाकाऊ नाही. पुष्कळांच्या मनात तो असतो, बोलत कोणी नाही. त्यावर मला सुचलेले उत्तर असे. छत्तिसाव्या अध्यायात श्रीगुरूंनी जो आचारधर्म सांगितला आहे त्यात देहशुद्धीचे नियम आहेत. त्यातच कोणत्या जागा घाण करू नयेत हेही आले आहे आणि नदीकाठ त्यात येतो. मग आचार कोणी मोडला? घाटावर द्रोण टाकणाऱ्याने, की तो उचलणाऱ्याने? उचलणाऱ्याला फार तर एक आंघोळ लागेल. अण्णांना हे पटले असे मी म्हणणार नाही. ते अजूनही घाटावर येत नाहीत. पण काम आटोपून आम्ही परततो तेव्हा सर्वांना पुरेल इतके गरम पाणी त्यांनी तयार ठेवलेले असते. त्याबद्दल त्यांनाही कधी काही विचारले नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्या वर्षी हात लावण्याआधी आम्ही तिथे झाडलोट करणाऱ्या मावशींनाच विचारले, कुठून धरायचे? त्यांनी एका वाक्यात सांगितले, "काका, मिसळलेलं भरून पोती बांधू नगासा, आमास्नी परत सोडाय लागतंय." सगळ्या कामाचे मर्म यात आले. ओले आणि सुके एकदा एकत्र झाले की नुसती जागा बदलते, कचरा तसाच राहतो. २०१६ च्या घनकचरा नियमांतही वर्गीकरण जिथे कचरा होतो तिथेच करावे, असेच होते. मावशींनी ते नियम वाचले नसतील, पण पाठ आहेत.

सुरुवात पाण्यालगतच्या पायऱ्यांपासून करावी. रस्त्यावरचा कागद तासाभराने उचलला तरी चालतो, पायरीवरचा मात्र वाऱ्याने नदीत जातो. निर्माल्य वेगळ्या पाटीत घ्यावे. हाराचा दोरा बहुधा नायलॉनचा असतो, तो आधी ओढून काढायचा. फुलांना चिकटलेली जर, कापराच्या आणि उदबत्तीच्या पुड्या वेगळ्या करायच्या. मग राहिलेल्या फुला-पानांचे दोन-तीन महिन्यांत चांगले खत होते. नारळाच्या शेंड्या लवकर कुजत नाहीत, त्या बाजूला ठेवाव्यात. पळसाची पत्रावळ मातीत जाते. चकचकीत रुपेरी पत्रावळ जात नाही, तिच्यावर प्लॅस्टिकचा थर असतो. चहाच्या कागदी कपालाही आतून तसाच पातळ थर असतो, म्हणून तो 'कागद' धरून खतात टाकू नये. काही भाविक नदीत कपडे सोडतात. ते भिजून इतके जड होतात की एका लुगड्याला दोन माणसे लागतात. तुटलेल्या फ्रेमा, जुन्या तसबिरी, एकेकटी चप्पल हेही असतेच. एकच चप्पल टाकून माणूस घरी कसा जातो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची प्लॅस्टिकची झिल्लीही त्या यादीत आहे. तरी तेही सापडतेच. सापडले की आम्ही वाद घालत नाही, उचलतो. पण आपल्या मंडळाच्या महाप्रसादाला काय वापरायचे हे तर आपल्याच हातात आहे ना? खर्चाचे म्हणाल तर घरून ताट-वाटी आणायला सांगितले की पैसाही लागत नाही.

एक गोष्ट नकाशा पाहताना लक्षात आली आणि मन बेचैन झाले. औदुंबर, नृसिंहवाडी आणि कुरवपूर ही तिन्ही स्थाने एकाच कृष्णेवर, याच क्रमाने आहेत. वाडीला पंचगंगा मिळाली की नदी पुढे कर्नाटकात जाते. तिथे धरणे आहेत, खूप अंतर आहे, सगळेच पुढे पोहोचत नसेल. पण दिशा तीच. ज्या काठी रजकाने श्रीपादांचे अंगण झाडले, त्या काठाकडे आपण वाडीहून काय सोडतो आहोत?

मावशींची आणखी एक हकीगत सांगायची राहिली. बोलता बोलता त्यांच्यातली एक म्हणाली, की इतकी वर्षे उत्सवात काम करते, पण जयंतीची पालखी एकदाही डोळे भरून पाहिली नाही. त्या वेळी गर्दी अशी असते की हातातला खराटा ठेवता येत नाही. हे ऐकल्यावर नुसते दुसऱ्या दिवशी येणे मला अपुरे वाटू लागले. म्हणून गेल्या वर्षापासून आमच्यातले सहा जण पालखीच्या वेळी त्यांच्या जागा धरतात आणि त्या सहा बायका दर्शनाला उभ्या राहतात. अर्थात या सहा जणांची पालखी चुकते. पंचवीस-तीस वर्षे न चुकता वारी करणाऱ्याला हे सोपे नाही. गेल्या वर्षी नावे विचारली तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नव्हते.

यंदा माझे नाव त्यात आहे. आणखी दोघांची नावे आली आहेत, तिघे हवेत. दुसऱ्या दिवशीच्या कामाला कितीही माणसे चालतील. येणाऱ्यांनी जाड रबरी हातमोजे, बंद बूट आणि लांब चिमटा आणावा. खराटे, घमेली, पोती आम्ही आणतो, तिथल्या कामगारांची मागायची नाहीत. साठीपुढच्यांनी ओल्या पायऱ्यांवर न उतरता वर बसून निवडण्याचे काम घ्यावे, तेही तितकेच लागते. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले नसेल तर आधी घ्यावे, काचा असतात. फोटो काढायचे तर काम झाल्यावर.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥