इतिहासाचा प्रवाह आणि खिंडीची चढण



काळ पुढे सरकतो तसा मनुष्य अधिकाधिक स्वतंत्र होत जातो, ही समजूत आज इतकी रूढ झाली आहे की तिची तपासणी करण्याची गरज कोणाला भासत नाही. ‘आता जमाना बदलला’ असे म्हणून काही जण निश्चिंत होतात. याउलट, ‘मुस्लिमांचे सुवर्णयुग सरले, आता केवळ आठवणी उरल्या’ असे म्हणून काही जण हातपाय गाळतात. दोन्ही वृत्तींच्या मुळाशी एकच कल्पना आहे: इतिहास आपल्या गतीने चालतो आणि मनुष्य त्यात केवळ वाहत जातो. ही कल्पना कितपत खरी आहे आणि दिव्य कुरआन याविषयी काय शिकवतो, ते पाहू.

हेगेलचा सिद्धान्त

जर्मन तत्त्वज्ञ हेगेल (1770-1831) याने 1822 पासून बर्लिन येथे जागतिक इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर व्याख्याने दिली. त्याच्या मृत्यूनंतर, 1837 मध्ये, ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच्या मते जगाचा इतिहास म्हणजे स्वातंत्र्याच्या जाणिवेची प्रगती होय. पूर्वेकडील प्राचीन साम्राज्यांत एकच व्यक्ती, म्हणजे सम्राट, स्वतंत्र मानली गेली. ग्रीस व रोममध्ये काही जण. आणि ख्रिस्ती युरोपात मनुष्य हा मनुष्य म्हणूनच स्वतंत्र आहे, ही जाणीव उदयास आली.

या विचारात सत्याचा अंश आहे. इतिहास हा अर्थहीन घटनांचा ढीग नव्हे आणि स्वातंत्र्य ही राजाची देणगी नव्हे, हे हेगेलने ओळखले. परंतु त्याने आफ्रिकेला इतिहासाच्या बाहेर ठेवले आणि इस्लाम जागतिक इतिहासाच्या रंगमंचावरून केव्हाच निघून गेला, असा निर्वाळा दिला.

आपल्या महाराष्ट्राला मात्र मलिक अंबर ठाऊक आहे. आफ्रिकेतील हबशी प्रदेशात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून हातोहात विकला जात दख्खनमध्ये आला. पुढे तो अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा झाला. 1610 मध्ये त्याने खडकी नगर, म्हणजे नंतरचे औरंगाबाद, वसवले आणि 1626 मध्ये मृत्यू येईपर्यंत मुघल फौजांना झुंजवत ठेवले. ज्यांना हेगेलने इतिहासाबाहेर लोटले, त्यांच्यातीलच एकाने आपल्या भूमीचा इतिहास घडवला.

रेल्वे आली, वेठ गेली नाही

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. 1867 मध्ये विरारहून मुंबईला लोकल गाडी धावू लागली. प्रगतीची याहून ठळक खूण कोणती? तरीही याच लोहमार्गाच्या आसपास, डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, वारली बांधव जमीनदारांकडे वेठबिगारी करीत राहिले. लग्नासाठी काढलेले कर्ज फिटेपर्यंत नवराबायको दोघांनीही सावकाराकडे राबायचे. अशा गड्याला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटत नसे आणि राबणे संपत नसे.

विरारची ती पहिली गाडी धावल्याला अठ्ठ्याहत्तर वर्षे झाली, तेव्हा मे 1945 मध्ये झरी येथे हजारो वारली एकत्र आले आणि यापुढे वेठ करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. त्यांच्या लढ्यात अग्रभागी असलेल्या गोदावरी परुळेकर यांनी आपल्या ग्रंथाला ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे नाव दिले, ते सार्थच होय. देशभर वेठबिगारी रद्द करणारा कायदा 1976 मध्ये झाला. काळ या माणसांच्या शेजारून धडधडत गेला. पण त्याने त्यांना मुक्त केले नाही.

कुरआनची दृष्टी

सूरह आलि-इमरान (3:140) मध्ये अल्लाहने सांगितले आहे की, विजयाचे व पराभवाचे दिवस तो लोकांमध्ये आळीपाळीने फिरवतो. सूरह रअद (13:11) चा आशय असा की, एखादा जनसमूह स्वतःच्या अंतरंगात बदल घडवत नाही तोवर अल्लाह त्याची स्थिती बदलत नाही. म्हणजे कोणताही समाज प्रगतीचा कायमचा धनी नाही आणि कोणीही अधोगतीचा कायमचा कैदी नाही.

मग स्वातंत्र्याकडे जाणारी वाट कोणती? सूरह बलद (90:11-16) मध्ये ‘अकबा’ हा शब्द येतो. अकबा म्हणजे डोंगरातील खिंडीची अवघड चढण. फुलपाड्यातील वाचकांना पापडखिंडीचे नाव परिचित आहे. खिंड म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायला नको. ही चढण कोणती, याचे उत्तर कुरआन स्वतःच देतो: गुलामाची मान सोडवणे, उपासमारीच्या दिवशी नात्यातील अनाथाला वा धुळीला मिळालेल्या दरिद्री माणसाला जेवू घालणे. येथे स्वातंत्र्य हा वाहता प्रवाह नाही. ती चढण आहे. प्रवाह माणसाला वाहून नेतो, चढण मात्र ज्याची त्यालाच चढावी लागते.

हजरत बिलाल (रजि.) यांची गुलामी युग बदलले म्हणून संपली नाही. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी पदरची किंमत मोजून त्यांना मुक्त केले. जकातीच्या आठ खर्चबाबींत (9:60) गुलामांची मुक्तता आणि कर्जबाजाऱ्यांना साहाय्य या दोन्हींचा समावेश आहे.

आत्मपरीक्षण

हा आरसा स्वतःसमोरही धरला पाहिजे. इतके स्पष्ट मार्गदर्शन असूनही मुस्लिम राजवटींत गुलामांचे बाजार शतकानुशतके चालू राहिले. मलिक अंबर अशाच बाजारांतून आला होता. सौदी अरेबियात गुलामगिरीवर बंदी आली ती 1962 मध्ये. दोष मार्गदर्शनाचा नव्हता. खिंड समोर असूनही ती न चढणाऱ्यांचा होता.

आजही आपल्या वस्त्यांत मुलीच्या लग्नासाठी व्याजाने कर्ज काढणारे पिते आहेत. ते लग्नगडी नाहीत, पण त्यांची मान मोकळी आहे काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निकाह सोपा करण्याची, तसेच मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची शिकवण दिली. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्यावी आणि कर्ज माफ करणे अधिक उत्तम, असे कुरआन (2:280) सांगतो.

म्हणून या वर्षी जकातीचा हिशेब करताना प्रत्येक कुटुंबाने एक प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्या नात्यात, गल्लीत वा कामावर असा कोण आहे, ज्याची मान कर्जात अडकली आहे, आणि ती सोडवण्यात आपला वाटा किती? घरात लग्न ठरत असेल तर खर्चाची यादी करण्यापूर्वी वधूपित्याची ऐपत विचारात घ्यावी. इतिहास कोठे चालला आहे, याचा जाब परलोकात आपल्याला द्यायचा नाही. आपल्या वाट्याची चढण आपण चढलो की नाही, याचा मात्र द्यायचा आहे.

अल्लाह आपणा सर्वांना ती चढण चढण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.