बिअरला फुलांचा वास कुठून येतो?

प्रश्न : मुंढव्याच्या एका ब्रू-पबमध्ये भाच्याने बेल्जियन पद्धतीची ‘ड्राय-हॉप्ड’ एल पाजली. ग्लास नाकाशी नेताच फुलांचा, मागून लवंगेचा वास आला. यात इसेन्स घालतात का? आणि चव कळायला ती बर्फगार प्यावी का?
– एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : निर्धास्त राहा, या वासाला इसेन्स लागत नाही. हॉप्स ही मुळात एका वेलीची शंकूसारखी फुलंच. ती उकळत्या रसात घातली की कडवटपणा उतरतो. आंबवण्याच्या शेवटी किंवा नंतर, न उकळता काही दिवस मुरवली की सुगंधी तेलं उतरतात आणि कडूपणा फारसा वाढत नाही. हेच ड्राय-हॉपिंग. लवंगेचा वास बहुधा बेल्जियन यीस्टची करामत. मसाल्याचा डबा कुणी उघडलेला नसतो. तरी शंका राहिलीच, तर ब्रूअरला खुशाल विचारा. ही मंडळी बोलायला उत्सुकच असतात.

बर्फगार मात्र नको, वास दबतो. साधारण ८ ते १० अंश सेल्सियस पुरे. निमुळत्या तोंडाचा ग्लास अर्धाच भरा, आधी हुंगा, छोटा घोट घ्या आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. त्याआधी पान-तंबाखू टाळा. हॉप्सचा सुगंध लवकर उडतो, म्हणून ताजीच मागवा. पुण्यात २००९मध्ये ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून ती सोय आहे.

एक जपा : साध्या लागरमध्ये सुमारे ५ टक्के अल्कोहोल असतं, काही बेल्जियन एलमध्ये ८च्या पुढे. चवीवरून ते कळत नाही. मधुमेहाची किंवा झोपेची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. परतताना रिक्षा करा. भाचाही प्यायलेलाच असतो.